नव्या नळीतला ॲसिटोन

मित्रांनो, बंगळुरूच्या एका विद्यापीठात रसायनशास्त्र विभागाच्या तळमजल्यावर एक खोली आहे. 'किल्ल्या, घड्याळे, मोबाइल बाहेर ठेवा' अशी कन्नड आणि इंग्रजीतली पाटी तिच्या दारावर लावलेली आहे. आत आले की जमिनीवर पिवळ्या चिकटपट्टीचे मोठे वर्तुळ दिसते. त्या वर्तुळाच्या मधोमध, तीन पायांवर उभे असलेले, माणसाहून उंच असे एक पांढरे पिंप आहे. ते पिंप म्हणजे मी. मी एक जुना चुंबक आहे.

फ्रिजच्या दारावर चिकटतो तसला चुंबक मी नाही. माझे खरे नाव लांबलचक आहे आणि ते कोणी घेत नाही. माझ्या ताकदीचा एक आकडा आहे, त्यावरून विभागात सगळे मला 'चारशे' म्हणतात. "चारशे रिकामा आहे का?" "चारशेवर लाव ना." रिक्षाच्या थांब्यावर बोलावे तसे माझ्याविषयी बोलतात. मला त्याचे वाईट वाटत नाही.

माझा जन्म युरोपातल्या एका कारखान्यात झाला. तिथल्या माणसांनी खूप लांब आणि खूप बारीक तार एका नळकांड्यावर सावकाश गुंडाळली. एकही वेढा दुसऱ्यावर चढू दिला नाही. मग जहाजाने मी चेन्नईला आलो आणि तिथून ट्रकने, फार हळू, बंगळुरूला. इथे माझ्या पोटात आधी द्रवरूप नायट्रोजन भरला आणि मग त्याहून कितीतरी थंड असा द्रवरूप हेलियम. तार इतकी गारठली की विजेला अडवणारे तिच्यात काहीच उरले नाही. तेव्हा कारखान्याच्या इंजिनिअरने एकदाच तिच्यात प्रवाह सोडला आणि बाहेरची जोडणी काढून घेतली. तो प्रवाह आजही तसाच फिरतो आहे. वीज गेली की माझ्या शेजारचा संगणक आणि रेडिओलहरींचे कपाट कुरकुरू लागतात, पण मला काही होत नाही.

त्याच्या मोबदल्यात मला थंडी हवी असते. दर आठवड्याला नायट्रोजन आणि काही महिन्यांनी हेलियम. ते देण्याचे काम भार्गवी अक्का करतात. त्या मूळच्या बेळगावच्या. खोलीच्या प्रमुख त्याच आहेत आणि मी इथे आलो तेव्हापासून आहेत. केसांत मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा असतो, पण तो दोऱ्याने बांधलेला, कारण पिवळ्या वर्तुळाच्या आत लोखंडी पिन आणलेली मला चालत नाही. आयुधपूजेला त्या मला हळदकुंकू लावतात, तेही पितळेच्या ताटातून. स्टीलचे ताट घेऊन आलेल्या एका प्राध्यापकांना त्यांनी दारातूनच परत पाठवले होते.

आता माझे काम सांगतो. रसायनशास्त्राचे विद्यार्थी प्रयोगशाळेत नवनवे पदार्थ तयार करतात. पदार्थ तयार होतो, पण तो नेमका कोणता, हे डोळ्यांना कळत नाही. पांढरी पूड दुसऱ्या पांढऱ्या पुडीसारखीच दिसते. मग ते चिमूटभर पूड एका द्रवात विरघळवतात, पेन्सिलीहून बारीक अशा काचेच्या नळीत भरतात आणि ती नळी हवेच्या झोतावर तरंगत माझ्या पोटात उतरते. पदार्थाच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे अणू असतात. त्यांचे केंद्र म्हणजे जणू इवलासा चुंबकच. माझ्या सान्निध्यात हे इवले चुंबक एका दिशेने उभे राहतात. रेडिओलहरीचा एक धक्का दिला की ते डळमळतात आणि पुन्हा सावरताना अगदी क्षीण आवाज करतात. कोणाच्या शेजारी कोण बसले आहे, त्यावर तो आवाज अवलंबून असतो. मी ते सगळे आवाज ऐकतो आणि संगणक त्यांचा आलेख काढतो. आलेखावर उंच टोके दिसतात. विद्यार्थी त्यांना 'पीक' म्हणतात, मी शिखरे म्हणतो. एकेका शिखरावरून रेणूत कोण कुठे बसले आहे ते ओळखायचे.

सुरुवातीच्या वर्षांत माझे फार कौतुक झाले. दुसऱ्या महाविद्यालयांतून मुले बसने नमुने घेऊन येत आणि रांगेत बसत. मग शेजारच्या खोलीत 'सहाशे' आला. तो माझ्याहून ताकदवान आणि नवा. महत्त्वाचे नमुने तिकडे जाऊ लागले. माझ्याकडे आल्या त्या घाईच्या तपासण्या, अर्धवट शुद्ध केलेले नमुने, नवशिक्यांच्या फुटक्या नळ्या. एकदा एक नळी माझ्या आतच तुटली आणि काचेचा चुरा काढायला भार्गवी अक्कांना दिवस लागला. "चारशे घाण झालाय," असे मुले म्हणू लागली. "काही लावा, ॲसिटोन दिसतोच."

ॲसिटोन दिसत असे, हे खरे आहे. पण तो माझा नव्हता. काचेच्या नळ्या पुन्हा पुन्हा वापराव्या लागतात. त्या धुवायला ॲसिटोन सगळ्यांत सोयीचा. बहुतेक सगळे त्यात विरघळते आणि तो लवकर उडून जातो. पण नळी लांब आणि अरुंद. घाईत वाळवली तर तळाशी पुसटसा ॲसिटोन राहतो आणि आलेखावर ठरलेल्या एका जागी त्याचे शिखर उभे राहते. ती जागा विभागातल्या प्रत्येकाला पाठ आहे. तिथे शिखर दिसले की त्याच्या डोक्यावर एक लहानशी चांदणी काढायची, अशी इथली पद्धत. चांदणीचा अर्थ, हे माझ्या पदार्थाचे नाही, याच्याकडे पाहू नका. नव्या विद्यार्थ्यांना हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. पद्धत वाईट नाही. प्रत्येक धूलिकणाचा विचार करत बसले तर काम पुढे जाणार नाही.

आता मी तुम्हाला कस्तुरीची गोष्ट सांगतो. माझ्या इतक्या वर्षांत हजारो नळ्या आल्या आणि गेल्या, पण तिची एक नळी माझ्या आठवणीत राहिली आहे.

कस्तुरी बसवनगुडीची. तिच्या घरी मराठी बोलतात, पण आजोबांच्या काळापासून घर बंगळुरूतच आहे. त्यामुळे तिच्या मराठीत कन्नड शब्द सहज येतात आणि तिला ते कळतही नाही. ती डॉक्टरेट करत होती. तिच्या मार्गदर्शक डॉ. सुलभा गलगली. कस्तुरीने एका लांब साखळीची दोन टोके जोडून सात अणूंचे कडे तयार केले होते. असे कडे त्या पद्धतीने करणे अवघड मानले जाते. तोच तिच्या प्रबंधाचा शेवटचा आणि सगळ्यांत मोठा भाग होता. महादेवपुऱ्यातल्या एका औषध संशोधन कंपनीत तिची नोकरी ठरली होती. अट एकच, प्रबंध ठरल्या तारखेआधी विद्यापीठात दाखल झाला पाहिजे. आणि तिचे ते सात अणूंचे कडे घेऊन पुढचे काम करणार होता तनय. तो पुण्याहून नुकताच आला होता. त्याची पुढची सगळी वर्षे त्या कड्यावर उभी राहणार होती.

कस्तुरी खोलीत आली की आधी केसांतले चिमटे काढायची.

"काढलेस ग सगळे?" भार्गवी अक्का विचारायच्या. "मागं एक चिमटा चारशेच्या पोटाला जाऊन चिकटला होता. काढता काढता माझं नख तुटलं की!"

"काढले, अक्का. बघा, केस सगळे तोंडावर आलेत."

"येऊ देत. इथं कोण तुला बघायला येणार आहे?"

"चारशे बघतो ना."

"त्याचं लग्न झालंय हेलियमशी. तू आपली नळी लाव."

तिच्या नळ्या स्वच्छ असत. बाहेरून पुसलेल्या, आतला द्रव गाळलेला, उंची मोजून बसवलेल्या. तरीही तिच्या कड्याच्या प्रत्येक आलेखावर ॲसिटोनच्या जागी एक शिखर येई. ती त्यावर चांदणी काढी आणि पुढे जाई. बाकीची शिखरे तिच्या मनासारखी होती. फक्त दाटीवाटीच्या एका भागात मोजणी जेमतेम जमत होती. तिथे अनेक शिखरे एकमेकांवर चढलेली होती, म्हणून थोडे इकडचे तिकडे धरावे लागले होते. असे सगळेच धरतात.

प्रबंधाचा शेवटचा मसुदा सुलभा मॅडमच्या टेबलावर होता, तेव्हा एका सकाळी तनय कस्तुरीचा पदार्थ घेऊन आला. पुढचे काम सुरू करण्याआधी त्याला एकदा स्वतः तपासून घ्यायचे होते. कस्तुरी शेजारच्या खुर्चीवर बसून कुठली तरी चित्रे जुळवत होती.

"कस्तुरी, तुझं कंपाउंड एकदम भारी आहे," तनय पडद्याकडे बघत म्हणाला. "सगळे पीक मॅच होतायत. फक्त तुझा नेहमीचा ॲसिटोन."

"ट्यूब नीट वाळवली नसशील."

"ट्यूब नवी आहे. आत्ताच पाकीट फोडलं. माझ्या जुन्या सगळ्या लॅबमधल्या अमितने ढापल्यात."

"मग फ्लास्क ॲसिटोनने धुतला असशील."

"फ्लास्क तूच दिलास, बाई. मी फक्त सॉल्व्हंट घातलं आणि ट्यूबमध्ये ओतलं." तो हसला. "नव्या ट्यूबमध्ये पण ॲसिटोन! काय प्रेम आहे त्याचं तुझ्यावर. स्टार मारू?"

कस्तुरीचा हात कळफलकावर थांबला.

"थांब," ती म्हणाली. "मारू नकोस."

"का?"

"असंच. माझ्याच फ्लास्कमध्ये राहिला असेल. मी पुन्हा वाळवून आणते."

तिने खरेच वाळवून आणला. निर्वात पंपावर दिवसभर ठेवला. ॲसिटोन उडून जाणारा. पंपावर ठेवल्यावर तो कमी व्हायला हवा होता. दुसऱ्या दिवशी नळी आत आली, मी ऐकले, आलेख निघाला. शिखर होते तेवढेच उंच होते. तिने पुन्हा वाळवला. पुन्हा तेवढेच.

"आता पापड होईल त्याचा," भार्गवी अक्का म्हणाल्या.

कस्तुरी हसली नाही. तिने संगणकावर त्या शिखराखालचे क्षेत्रफळ मोजले. या मोजणीने शिखरामागे किती हायड्रोजन आहेत ते कळते. चांदणी लावलेले शिखर कोणी मोजत नाही, म्हणून तिनेही ते कधी मोजले नव्हते. उत्तर आले तीन. अर्धवट वाळलेल्या नळीतला ॲसिटोन कधी कमी असतो, कधी जास्त. तो दर वेळी नेमका तीन येत नाही.

ती बराच वेळ पडद्याकडे बघत बसली. ती काय विचार करत होती हे मला माहीत नाही. मी हायड्रोजनचे आवाज ऐकतो, माणसांच्या मनातले नाही. पण रसायनशास्त्र मला येते. साखळीची दोन टोके जुळून सात अणूंचे कडे झाले, तर ते तीन हायड्रोजन त्या जागी उरणारच नाहीत. पण टोकाऐवजी साखळीतला आतला एखादा अणू पुढे सरकून जुळला, तर कडे पाचच अणूंचे होते आणि उरलेले दोन अणू कड्याबाहेर लोंबकळत राहतात. त्या बाहेरच्या टोकावर तीन हायड्रोजन असतात. ते बोलतात नेमके ॲसिटोनच्या शेजारी, अगदी केसभर अंतरावर. अणू तेवढेच, वजन तेवढेच. वजन करणाऱ्या यंत्राला दोन्ही सारखेच.

मित्रांनो, तिला हे माहीत नव्हते असे नाही. पहिल्या वर्षाच्या पुस्तकात असते ते. फक्त चांदणीखाली कोणी पाहत नाही.

दुसऱ्या दिवशी ती भार्गवी अक्कांकडे आली.

"अक्का, मला उद्या एक स्लॉट द्याल? स्वल्पच. लवकर होईल."

"तुझं पुस्तक बांधायला गेलं म्हणे?"

"जायचंय."

"मग आता कसला स्लॉट?"

"एक थेंब घालून बघायचाय."

"कशाचा?"

"ॲसिटोनचा."

भार्गवी अक्कांनी चष्मा वर केला. "अख्खं डिपार्टमेंट ॲसिटोन काढायला मरतंय, आणि तू घालणार? डोकं फिरलं काय ग तुझं?"

"थोडं," कस्तुरी म्हणाली. तेव्हा मात्र ती हसली.

तिची युक्ती साधी होती. ते शिखर खरोखर ॲसिटोनचे असेल, तर थेंब घातल्यावर तेच शिखर उंच होईल. मग चांदणी तशीच राहील, प्रबंध बांधायला जाईल, नोकरी मिळेल. पण ते दुसऱ्या कोणाचे असेल, तर त्याच्या शेजारी नवे शिखर उगवेल. मग कडे सातचे नाही, आणि शेवटचा भाग उभा राहू शकत नाही.

सकाळची वेळ होती. तनय पुढच्या स्लॉटसाठी आधीच येऊन बसला होता. कस्तुरीने चिमटे काढून टेबलावर ठेवले, नळीत एक छोटा थेंब सोडला, टोपण लावले आणि नळी हवेच्या झोतावर ठेवली. नळी माझ्यात उतरली.

मी ऐकले. आलेख पडद्यावर आला.

त्या जागी एकच शिखर होते. आधीपेक्षा उंच, आणि जाड.

"एकच!" तनय उडालाच. "सुटलीस! ॲसिटोनच आहे ग. मी सांगत होतो. चल, चहा तुझ्याकडून. नाही, जेवण. जयनगरला डोसा."

कस्तुरी पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली, "जाड आहे."

"काय जाड आहे?"

"पीक जाड आहे. बघ, सगळेच जाड आहेत. आतला द्रव नीट मिसळला नाहीये. शिम पण बिघडलंय."

मित्रांनो, याचा अर्थ समजावून सांगतो. नळीच्या प्रत्येक भागात माझी ताकद अगदी सारखी असावी लागते. ती सारखी करण्याला 'शिम करणे' म्हणतात. नळीत काही नवे घातले की ती बिघडते. बिघडली की माझे कान जड होतात. मग शेजारी उभे राहून बोलणारे दोघे मला एकच वाटतात. मी त्या दिवशी जे सांगितले होते ते खोटे नव्हते, पण ते नीट ऐकलेलेही नव्हते.

कस्तुरी तिथेच थांबू शकली असती. आलेख होता. साक्षीदार होता. विचारले तर ती म्हणू शकली असती, मी थेंब घालून पाहिले, एकच शिखर आले. कोणी तिला दोष दिला नसता. मी स्वतः जुना, माझ्यावर ढकलणेही सोपे होते. इथल्या माझ्या सगळ्या वर्षांत त्या क्षणाइतके मी कोणाच्या हाताकडे लक्ष देऊन पाहिलेले नाही.

"तनय, नळी वर घे," ती म्हणाली.

"अगं, कशाला? आलंय ना उत्तर!"

"वर घे."

नळी वर आली. तिने ती उलटसुलट करून हळुवार हलवली, पुसली, पुन्हा उंची मोजून माझ्यात सोडली. मग ती शिम करू लागली. एकेक आकडा थोडा वाढवायचा, पाहायचे, थोडा कमी करायचा. भार्गवी अक्का मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी आपली खुर्ची तेवढी तिच्याकडे सरकवली, कारण कस्तुरी उभी राहूनच हे करत होती. माझ्या आतली ताकद सारखी होत गेली. आवाज एकेक करून सुटे होत गेले.

या वेळी आलेख आला तेव्हा त्या जागी दोन शिखरे होती. बारीक, सरळ, एकमेकांना खेटून उभी. एक ॲसिटोनचे. दुसरे तिचे.



"दोन आहेत," तनय म्हणाला.

"हो."

"सॉल्व्हंटचा काही इफेक्ट असेल. सहाशेवर रन करून बघू?"

"तिथे एकमेकांपासून आणखी लांब दिसतील." तिने चिमटे उचलले आणि हातातच धरून ठेवले. "कडं पाचचं आहे, तनय. दोन बाहेर राहिलेत. पहिल्या दिवसापासून तेच सांगत होता हा, आणि मी दर वेळी त्याच्या डोक्यावर चांदणी काढत होते."

"पण तुझी जॉइनिंग..."

"आणि तू? तू पुढची वर्षं सातच्या कड्यावर काय काय चढवणार होतास? ते कधी चढलं नसतं. मग तू स्वतःला मूर्ख समजला असतास. मी तिकडे महादेवपुऱ्यात एसीत चहा पीत बसले असते."

तनय म्हणाला, "मी तसाही स्वतःला मूर्खच समजतो. त्यासाठी तुझी गरज नव्हती."

भार्गवी अक्का फिसकन हसल्या, आणि कस्तुरीही हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि ती तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिली.

दुपारी सुलभा मॅडम स्वतः खाली आल्या. त्या शांत स्वभावाच्या, पण घाईत होत्या आणि हातात किल्ल्यांचा जुडगा तसाच होता.

"मॅडम, किल्ल्या!" भार्गवी अक्का ओरडल्या.

"अरे हो. सॉरी, भार्गवी." किल्ल्या बाहेर ठेवून त्या पडद्यासमोर बसल्या. बराच वेळ त्यांनी दोन शिखरांकडे पाहिले. मग जुने आलेख उघडायला लावले. एकामागून एक. प्रत्येकावर त्याच जागी चांदणी.

"हे सगळे मी पाहिलेत," त्या म्हणाल्या. "सही केली आहे मी यांच्यावर."

"मॅडम, चांदणी मी काढली."

"तू काढलीस आणि मी वाचली. मला चांदणी दिसली, पीक दिसलं नाही." त्या खुर्चीत मागे टेकल्या. "वस्तुमान?"

"तेवढंच येतं. सातचं काय आणि पाच अधिक दोनचं काय."

"हं." त्यांनी आलेख बंद केला. "कस्तुरी, काय करायचं ते मी सांगू शकते. पण तू आधी सांग."

भार्गवी अक्का नायट्रोजनचे भांडे पुसण्याचा बहाणा करून तिथेच रेंगाळत होत्या.

"शेवटचा भाग काढून टाकते," कस्तुरी म्हणाली. "उरलेलं प्रबंधाला पुरत नाही. मग पाचचं कडं का होतं ते शोधायला लागेल. ते शोधलं तर तो नवा भाग होईल. पण मग तारीख जाते."

"मी कंपनीला फोन करते. थांबतील ते थोडे दिवस."

"करा, मॅडम. पण ते थांबणार नाहीत. त्यांनी दोनदा सांगितलंय."

"विचारायला काय जातंय?"

"सरी, बरं," कस्तुरी म्हणाली. "विचारा."

मॅडम उठल्या. जाताना त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. दाराबाहेर किल्ल्यांचा आवाज झाला आणि त्या गेल्या. कस्तुरीही निघाली. ती चिमटे न लावताच जात होती. भार्गवी अक्कांनी हाक मारली, "अग, डोक्याला लाव की ते," आणि मग स्वतःच पुढे होऊन तिचे केस मागे घेऊन चिमटे लावून दिले. पिवळ्या पट्टीच्या बाहेर उभे राहून, अर्थात.

कंपनी थांबली नाही. तिच्या जागी दुसऱ्या कोणाला घेतले. हे मला तनयच्या बोलण्यातून कळले. तो भार्गवी अक्कांना सांगत होता आणि मधेच इंग्रजीत शिव्या देत होता. अक्का म्हणाल्या, "कन्नडमध्ये दे, जास्त बरं वाटेल." ती शिकवणी पुढे बराच वेळ चालली.

कस्तुरी विभागात राहिली. काही दिवस ती माझ्याकडे आलीच नाही. मग एका सकाळी आली, चिमटे काढले आणि नळी लावली. पाचचे कडे का होते, हे ती आता शोधते आहे. तनयने आपले काम बदलून घेतले. तो आता त्या बाहेर राहिलेल्या दोन अणूंना धरूनच पुढे काही तरी जोडतो आहे. ते सोपे जाते म्हणे. कस्तुरीचा प्रबंध अजून दाखल झालेला नाही. तो कधी होईल, तिला तशीच दुसरी नोकरी मिळेल की नाही, मला सांगता येणार नाही. हे सगळे झाल्यामुळे तिचे भले झाले, असे मी म्हणणार नाही. तिचे नुकसान झाले. ते तिने समजून उमजून, नळी दुसऱ्यांदा सोडून शिम करायला घेताना पत्करले.

या वर्षी वेदिका नावाची एक मुलगी नागपूरहून विभागात आली. तिला सगळे शिकवण्याचे काम कस्तुरीकडे आहे. परवा दोघी माझ्यासमोर बसल्या होत्या. वेदिकाचा पहिलाच आलेख पडद्यावर होता आणि ती खूप खूश होती.

"कस्तुरीताई, हे ॲसिटोनच आहे ना?"

"असेल."

"असेल म्हणजे? जागा तर तीच आहे. स्टार लावू?"

"मोजलंस का?"

"ॲसिटोन कोण मोजतं?"

कस्तुरीने खिशातून ॲसिटोनची छोटी बाटली काढून तिच्यासमोर ठेवली. "एक थेंब घालून आण. मग आपण दोघी मिळून शिम करू. मग लाव चांदणी, लावायची असली तर."

"पण ताई, लंच टाइम झाला."

"म्हणूनच म्हणते, पटकन आण. उडपीत गर्दी होते."

मित्रांनो, माझ्यासारखी यंत्रे एकट्याची नसतात. अनेकांच्या नळ्या माझ्या पोटातून जातात, आणि एकाने आत टाकलेला कचरा दुसऱ्याच्या आलेखात दिसतो. म्हणून नळी नीट धुवा, नीट वाळवा, पिवळ्या पट्टीचा मान ठेवा, माझा नायट्रोजन वेळेवर भरा. एवढे केलेत की मी अजून पुष्कळ वर्षे ऐकू शकेन. पण मी जे ऐकून सांगतो ते तुम्हाला हवे तसे नसले, तर ते घाण म्हणून पुसून टाकायच्या आधी एकदा मोजून पाहा. मोजल्यावर ती घाणच निघाली, तर मला आनंदच आहे.

वेदिका बाटली घेऊन उठली आहे. ती चिमटे काढायला विसरली आहे, आणि भार्गवी अक्का दारातूनच ओरडत येत आहेत.